जीपच्या स्टिअरिंगचा ‘प्ले’

आमची जुनी जीप चालवताना दोन्ही हातांना सतत काम असे. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग दोन-तीन इंच इकडे, दोन-तीन इंच तिकडे असे फिरवत राहावे लागे, कारण तेवढे फिरेपर्यंत चाकांना काही कळतच नसे. ‘जुनी गाडी, चालायचेच’ म्हणत आम्ही काही वर्षे काढली. मग एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने गाडीखाली हात घालून स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळला आणि पाच मिनिटांत गाडी परत दिली. प्ले कमी झाल्यासारखा वाटला खरा. पण अनमोडच्या घाटात पहिल्याच मोठ्या वळणावर स्टिअरिंग वळले ते वळलेलेच राहिले. एरवी हात सैल सोडला की चाके आपणहून सरळ होतात, ती झालीच नाहीत. जोर लावून ओढले तेव्हा कठडा हातभर अंतरावर होता.

त्यानंतर गाडी नेली ती खाणींवरच्या जीप दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे. त्यांनी हत्यार उचलण्याआधी एवढेच सांगितले : “आदीं पळय, मागीर आवळ.”

या चार शब्दांमागे काय आहे ते कळायला जीपचा जन्म पाहावा लागतो. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कारखान्यांकडे एका हलक्या, चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीची मागणी नोंदवली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. बॅंटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी लष्कराच्या हॉलाबर्ड तळावर पोचलीही. पुढे १९४१ मध्ये विलीज कंपनीचा ‘एमबी’ हा नमुना पक्का झाला. विलीज आणि फोर्ड मिळून महायुद्धात अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या. गाडी हलकी हवी, स्वस्त हवी आणि रानात, चिखलात कोणत्याही सैनिकाला सुटे भाग बदलता यावेत, हा सगळा विचार. ती चाळीस-पन्नास वर्षे चालावी असे कुणाच्या मनातही नव्हते.

स्टिअरिंगही त्याच विचाराचे. बॉक्स रॉस कंपनीच्या पद्धतीचा, म्हणजे आत नागमोडी खाच असलेला एक दंडगोल आणि त्या खाचेतून सरकणाऱ्या दोन खुंट्या. बॉक्समधून निघालेला आर्म एका लांब दांडीला, ड्रॅग लिंकला, मागेपुढे ढकलतो. ही दांडी थेट चाकाकडे जात नाही. पुढच्या अॅक्सलवर एका पिनेभोवती फिरणारी बेल क्रँक असते, ती ही मागेपुढे हालचाल आडवी करते आणि दोन टाय रॉडमधून दोन्ही चाकांकडे पोचवते. मोजून पाहा : ड्रॅग लिंकची दोन टोके, बेल क्रँकची एक पिन आणि टाय रॉडची चार टोके, असे सात सांधे. शिवाय बॉक्स आणि दोन्हीकडचे किंगपिन वेगळेच. प्रत्येक सांधा केसभर झिजला तरी ती झीज एकावर एक साचत हातापर्यंत येते. बेल क्रँक तर अॅक्सलवर खाली, चिखलपाण्याच्या वाटेतच बसलेली, म्हणून तिची पिन आणि बेअरिंग हमखास आधी जातात. अमेरिकेत ही रचना ‘सीजे’ जीपमधून १९७२ च्या मॉडेलपासून गेली. आपल्याकडे १९४७ पासून मुंबईत महिंद्राने जीपची जुळणी सुरू केली, आणि ही जुनी घडण आपल्या रस्त्यांवर पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिली.

मेस्त्रींची तपासणीही याच सांध्यांच्या क्रमाने चालली. इंजिन बंद, चाके जमिनीवर आणि सरळ. मला स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगून ते खाली शिरले आणि एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. स्टिअरिंग हलते पण बॉक्सचा आर्म हलत नाही, तर दोष बॉक्सचा. आर्म हलतो आणि चाक हलत नाही, तर दोष पुढे कुठेतरी. आमचा आर्म लगेच हलत होता. बेल क्रँक मात्र फिरण्याआधी वर-खाली डुलत होती. बॉक्स चासीला घट्ट आहे का, तिथे चीर गेली आहे का, हेही त्यांनी पाहिले.

मग पुढचे चाक जॅकवर उचलले. चाक वर आणि खाली धरून हलवले तर खडखडले. हे किंगपिन की चाकाचे बेअरिंग? मला ब्रेक दाबून धरायला सांगितला. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर बेअरिंग ढिले, नाही थांबली तर किंगपिन. आमची थांबली नाही.

दुरुस्ती चाकाकडून बॉक्सकडे झाली. किंगपिनची बेअरिंगे बदलून शिम कमी-जास्त करत चाक नेमके बसवले, फार आवळले तर तेही सरळ व्हायला अडते. टाय रॉडची झिजलेली टोके बदलली. बेल क्रँकला नवी पिन आणि बेअरिंग मिळाले. ड्रॅग लिंकची टोके आवळून थोडी मागे सोडली, कारण आतल्या स्प्रिंगला जागा लागते, आणि नवी कॉटर पिन घातली. बॉक्स सगळ्यांत शेवटी. आधी मागच्याने आवळलेले सैल केले, मग चाके सरळ ठेवून स्क्रू बसवला. बॉक्सची झीज मधोमध जास्त असते आणि तिथेच त्याची पकड घट्ट हवी. वळलेल्या चाकांवर आवळला, तर मधे आल्यावर तो जाम होतो. आत कुणीतरी भरलेले ग्रीस काढून घट्ट गिअर ऑइल ओतले, कारण ग्रीस एकदा बाजूला सरकले की परत खाचेत येत नाही. चाकांचा ‘टो-इन’ एक ते अडीच मिलिमीटर ठेवला. थोडा प्ले उरलाच. तेवढा जीपला असायचाच, म्हणाले.

१९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात आले ते जीप घेऊनच. पुढे खाणपट्ट्यात त्या गावोगावी दिसू लागल्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्यावर कित्येक गाड्या घरामागे, माडांखाली उभ्या राहिल्या आणि तिथेच गंजल्या. त्यांच्याबरोबर असे बोटाने सांधा ओळखणारे हातही हळूहळू जात आहेत. तुमच्या घरामागे एखादी जीप असेल आणि ती पुन्हा घाटात न्यायची असेल, तर स्क्रूला हात लावायच्या आधी एकदा तिच्याखाली झोपून सातही सांधे पाहून घ्या.