अर्धा मास्तर



मी इतिहास शिकलेला माणूस नाही. बारावी झालो आणि सूतगिरणीत लागलो. रिंगफ्रेमवर तुटलेला धागा जोडतो. रातपाळी असली की सकाळी घरी येऊन तासदोन तास वाचतो, मग झोपतो. कविता लिहितो हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हे लिहिणं कवितेचं नाही. मधे गिरणी काही महिने बंद पडली तेव्हा मी एका प्राथमिक शाळेत मास्तर होतो. म्हणजे पोरांसाठी होतो. कागदावर नव्हतो. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात खिळ्यासारखा बसला आहे, की शिकवूनही मास्तर नसलेला हा माणूस कधीपासून आहे, आणि तो कोण असतो?

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

२०२४ च्या जुलैत महाराष्ट्र सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीवाल्याला महिना ६०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८०००, पदवीधराला १०००० रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिने, पुढं आणखी पाच महिने वाढवली. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यावरच्या शाळेत गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांशी माझं भांडण नाही. वर्ग चार, मास्तर दोन. त्यातला एक रोज कुठल्यातरी ऑनलाईन माहितीत नाहीतर मतदार यादीत अडकलेला. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "पहिली-दुसरी सांभाळ."

सांभाळ! गुरं सांभाळतात, पोरं सांभाळतात. 'शिकव' हा शब्द सहा महिन्यांत कुणी वापरला नाही.

पहिलीत तांड्यावरची पोरं होती, कोलामांची होती, आपल्या वस्तीतली होती. भिंतीवर तक्ता — आ आईचा. एक पोरगी काही केल्या 'आई' म्हणेना. चित्राकडं बोट दाखवून म्हणे, "याडी." गोरमाटीत आईला याडी म्हणतात. मी फळ्यावर दोन्ही लिहिलं. आई. याडी. ती हसली, आणि त्या दिवसापासून तिनं पाटी सोडली नाही. हे मला कुठल्या डीएडनं शिकवलं नव्हतं. माझ्याही घरची भाषा पुस्तकात नव्हती, एवढंच माझं प्रशिक्षण.

मग तपासणी आली. साहेब यायच्या दिवशी मला सांगितलं, "तू आज वर्गात बसू नको, ताटं-वाट्या मोजून घे तिकडं." प्रशिक्षणार्थ्यानं एकट्यानं वर्ग घ्यायचा नसतो म्हणे. मी खिचडीच्या खोलीत उभा. पोरं दारातून मान काढकाढून पाहत होती — सर आज भायेर कायले?

गिरणीतल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. आमच्याकडं बदली कामगार असतो. कायम माणूस आला नाही की मशीन बदलीवाल्याच्या हाती. मशीनला फरक पडत नाही, सूत तेवढंच निघतं. फरक पडतो पगाराच्या कागदावर.

तर हा शाळेतला बदलीवाला जुना आहे. पंतोजीच्या शाळेत थोरली पोरं धाकट्यांना घोकवायची. १७८९ च्या सुमारास मद्रासला अँड्र्यू बेल नावाचा पाद्री सैनिकांच्या अनाथ पोरांची शाळा पाहत होता. देशी शाळेत पोरं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना त्यानं पाहिली. त्यानंही तेच केलं, आणि आठ वर्षांच्या पोरांनाही धाकट्यांचे मास्तर केलं. १७९७ मध्ये त्यानं लंडनला पुस्तक छापलं आणि ती पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून विलायतेत गाजली. एका मास्तरच्या पगारात शेकडो पोरं! गिरणीमालकांच्या देशाला ती आवडली यात नवल नाही. इथल्या वाळूतली अक्षरं सातासमुद्रापार गेली, आणि आपला आजा-पणजा मात्र त्या वाळूपर्यंत पोचला नव्हता. त्याला ओसरीवर चढायचीच बंदी होती.

आपला माणूस शिकवायला उभा राहिला तो फुल्यांच्या शाळांत. १८५० नंतर पुण्यात महार-मांगांच्या पोरांसाठी ज्या शाळा निघाल्या, तिथं शिकवणाऱ्यांत दोन नावं येतात : धुराजी आप्पाजी चांभार आणि गणू शिवाजी मांग. ३ जानेवारीला आपण सावित्रीमाईच्या फोटोला हार घालतो, घालायलाच पाहिजे. पण ही दोन नावं किती जणांना येतात? मलाही येत नव्हती. नावापुढं जात चिकटवून का होईना, ती कागदावर टिकली. जात नसती लिहिली तर कदाचित आपल्याला सापडलीही नसती. हे असलं गुंतागुंतीचं असतं आपल्या इतिहासाचं.

१८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढं कैफियत मांडली. त्यात प्राथमिक शाळेच्या मास्तरचा मुद्दा ठळक आहे. मास्तर बहुतेक सगळे ब्राह्मण, ते खालच्या लोकांच्या पोरांत मिसळत नाहीत, तेव्हा शेतकरी-कष्टकरी जातींतले मास्तर तयार करा, त्यांना शिकवून तयार करा, आणि पगार बारा रुपयांच्या खाली देऊ नका. बघा, आपला माणूस नेमा एवढंच सांगून ते थांबले नाहीत. आपला माणूस आणि पुरा पगार. सरकारांनी पुढं यातला पहिला अर्धा कधीमधी उचलला, दुसरा सोडून दिला.

याचा पुरावा म्हणजे आपल्या विदर्भातल्या जाईबाई चौधरी. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकामुळं त्या आपल्यापर्यंत आल्या. जन्म उमरेडचा, १८९२ चा. १८९६ च्या दुष्काळात घरचे नागपूरला आले. लहान वयात लग्न. मग हमाली. नागपूर ते कामठी डोक्यावरून ओझी वाहायची. आज मोटारीनं अर्धापाऊण तास लागतो, बाईनं ते पायी तोडलं, ओझ्यासकट. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईनं पाहिलं की या हमालणीला वाचता येतं. तिनं मिशनच्या शाळेत मास्तरीण म्हणून लावून घेतलं. पगार महिना चार रुपये.

फुल्यांनी बारा मागितले होते १८८२ मध्ये. त्यानंतर कितीतरी वर्षांनी जाईबाईंना मिळाले चार. आणि तेही टिकले नाहीत. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे आईबापांना कळलं. बोंब झाली, पोरं काढून घेतली, नोकरी गेली. तिनं शिकवलेलं अ-आ-इ पोरांच्या डोक्यातून कसं काढलं असेल, ते मात्र कुणी लिहिलेलं नाही.

जाईबाई परत डोक्यावर ओझं घ्यायला गेल्या नाहीत. किसन फागूजी बनसोडे यांच्या चळवळीत त्या आल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा काढली. ज्यांनी मास्तरकीवरून काढलं त्यांच्या दारी अर्ज करत बसल्या नाहीत. कामठी रस्त्यावरची हमालीण शाळेची मालकीण झाली. मालकीण हा शब्द खटकत असेल तर खटकू द्या.

आता आपल्या काळाकडं या. २००० च्या आसपास सरकारनं वस्तीशाळा काढल्या. जिथं शाळा नाही अशा तांड्यावर, पाड्यावर, वस्तीवर गावातलाच दहावी-बारावी झालेला पोरगा किंवा पोरगी शिकवणार. मानधन महिना १०००. नाव दिलं निमशिक्षक. निम म्हणजे अर्धा. आमच्या शेजारची एक बाई अशी होती. पावसाळ्यात समाजमंदिरात, उन्हाळ्यात झाडाखाली वर्ग. ती म्हणायची, "पोट्टे पुरे शिकते, मीच अर्धी कशी बाप्पा?" मोर्चे झाले, उपोषणं झाली, आणि २०१४ मध्ये वस्तीशाळेचे मास्तर नियमित झाले. दहा-बारा वर्षं अर्धं राहून मग पुरं झाले.

त्याच २००० मध्ये दुसरा शब्द आला — शिक्षणसेवक. पुरी पात्रता असलेला मास्तर, पण पहिली तीन वर्षं ३००० रुपयांवर. पुढं ६००० झाले, आणि कोर्टानं कान उपटल्यावर २०२३ पासून १६०००. सेवक! हजारो वर्षं सेवा कुणी केली आणि कुणाकडून करून घेतली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा शब्द काढला नसता. आणि मग माझा शब्द, प्रशिक्षणार्थी. विद्यावेतन. मी कुणाकडून काय शिकलो ते मला अजून कळलेलं नाही. पोरं शिकली.

कुणी म्हणेल, फुकटच्या सहा हजारांवर का रडतो? मी रडत नाही. तिथं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. गिरणीत कुणी मला 'सर' म्हणत नाही. पण मुदत संपली त्या दिवशी पहिलीचा वर्ग परत तिसरीच्या मागं बसवला. परवा बाजारात ती याडीवाली पोरगी भेटली. मी विचारलं, "आता कोण शिकवते तुमाले?" ती म्हणाली, "कोनीच नाई. पुढचेयचं आयकतो."

मित्रहो, म्हणून हे लिहिलं. तुमच्या वस्तीत, तांड्यावर कुणी ना कुणी वस्तीशाळेवर शिकवलं असेल. कुणी मिशनच्या शाळेत, कुणी रात्रीच्या शाळेत, कुणी बिनपगारी बालवाडीत. त्यांच्याकडं जा. नाव विचारा, साल विचारा, मानधन किती आणि किती महिने उशिरा मिळालं ते विचारा. हजेरी कोणत्या वहीत लावत होते तेही विचारा, माझी वेगळ्या वहीत होती. लिहून या पत्त्यावर पाठवा. पोस्टकार्डावर बसलं तरी चालेल. धुराजी आणि गणू यांच्या खाली पुढच्या अंकात ती नावं छापू.