नेट बदललं अन् मेल जाईना? हे तपासा

दुसऱ्या कंपनीचं वायफाय घेतलं की काहींच्या अॅपमध्ये मेल येतात, पण जात नाहीत; आउटबॉक्समध्येच अडकतात. कागद पोचले समजून माणूस निर्धास्त राहतो आणि अर्जाची मुदत निघून जाते.

कारण : स्पॅम रोखायला अनेक नेट कंपन्या पोर्ट २५ बंद ठेवतात. जुन्या नेट कंपनीचा सर्व्हरही बाहेरच्या नेटवरून आलेला मेल सहसा पुढे पाठवत नाही.

उपाय :
१) मोबाइल डेटावरून पाठवून पाहा. गेला, तर अडचण वायफायची.
२) आउटगोइंग सर्व्हर ज्यांचा मेल आयडी, त्यांचाच टाका.
३) पोर्ट ५८७ किंवा ४६५ ठेवा, युजरनेम-पासवर्डचा पर्याय चालू करा.

घाई असेल तर ब्राउझरमध्ये मेल उघडून पाठवा. 'सेंट'मध्ये दिसल्याशिवाय गेला समजू नका.