मोटारीला पाणी दाखवणे

माझ्या वडिलांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक पांढुरका डाग होता. १९८९ सालच्या मे महिन्यात आम्ही मुंबईहून पुण्याला निघालो होतो. गाडी फियाट, म्हणजे पद्मिनी, आणि तीही दुसऱ्या हाताची. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडेच ती तापली. वडिलांनी बॉनेट वर केले, रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला आणि पिळले. पुढचे मला फक्त आवाजाने आठवते. मागून येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर उतरला, त्याने आपल्याजवळचे गार पाणी त्यांच्या हातावर ओतले आणि म्हणाला, "साहेब, तापलेल्या गाडीचं तोंड उघडू नये."

वडील अडाणी नव्हते. मोटार चालवण्यात त्यांची हयात गेली होती. मग त्यांच्या हातून असे का झाले? इतिहासाचा मास्तर असल्यामुळे हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत राहिला. त्याचे उत्तर मोटारीच्या इतिहासातच आहे, म्हणून ही हकीकत सांगतो.

पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिच्यातली ढोबळमानाने पावच गाडी ओढण्याच्या कामी येते. उरलेली काही धुराबरोबर जाते, काही इंजिनाच्या लोखंडात मुरते. ही दुसरी काढून घेतली नाही तर दट्ट्या सिलिंडरातच अडकून बसेल. तेव्हा बैलाला पाणी दाखवावे तसे मोटारीलाही पाणी दाखवावे लागते. हे पहिल्या दिवसापासूनचे आहे.

कार्ल बेंझ यांची मोटार १८८६ सालची. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मॅनहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. बाईंनी टोपीच्या पिनेने नळी साफ केली, औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले, ह्या गोष्टी सगळे चवीने सांगतात. पाण्याविषयी मात्र कुणी फारसे बोलत नाही. त्या गाडीत आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचे पाणी उकळायचे, वाफ होऊन उडून जायचे, आणि वाटेत मिळेल तिथे पुन्हा भरावे लागायचे. ही रीत अगदीच वेडगळ नव्हती, बरं का. एक ग्रॅम पाणी तीस अंशांवरून शंभरावर न्यायला सत्तर उष्मांक लागतात, पण त्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४०. उष्णता पुष्कळ जाते. फक्त पाणीही तिच्याबरोबर जाते.

ह्यावर खरा तोडगा काढला तो विल्हेल्म मायबाख यांनी. १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या डाइमलर कारखान्याच्या पहिल्या मर्सिडीझसाठी त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. सहा-सहा मिलिमीटरच्या ८०७० चौकोनी नळ्या, आणि मागे वारा ओढणारा पंखा. पस्तीस अश्वशक्तीच्या इंजिनाला अवघे नऊ लिटर पाणी पुरू लागले, आणि तेच पाणी पुन्हापुन्हा फिरू लागले. माझ्या मते मोटारीला खेळण्यातून वाहनात आणणाऱ्या शोधांत ह्या पोळ्याचा मान फार वरचा आहे.

फोर्डच्या 'मॉडेल टी'ची गंमत निराळी. १९०८ ते १९२७ ह्या काळात दीड कोटींवर गाड्या निघाल्या, आणि सुरुवातीच्या थोड्या सोडल्या तर पाणी फिरवायला एकीलाही पंप नव्हता. गरम पाणी हलके होऊन आपोआप वरच्या नळीने रेडिएटरात जाई, निवालेले जड पाणी खालून इंजिनात येई. व्यवस्था मोठी सुटसुटीत, पण पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फेराच तुटे, आणि भांड्यात पुष्कळ पाणी असूनही इंजिन तापे. पातळी रोज पाहायची ही शिस्त त्या काळच्या लोकांना लागली ती अशी. १९१२ च्या सुमारास तर रेडिएटरच्या झाकणावरच उष्णतामापक बसवायची टूम अमेरिकेत निघाली. चालवणाऱ्याने समोर रस्ता पाहावा आणि त्याच नजरेत पारा पाहावा!

थंड देशांत पाणी गोठून इंजिन फुटे, म्हणून त्यात अल्कोहोल घालीत. ते उडून जाई. १९२०-३० च्या दशकात त्याची जागा ग्लायकोलने घेतली, तेच आजचे कूलंट. आमच्याकडे बर्फ नाही, मग हे कशाला, असे म्हणून आपण वर्षानुवर्षे नळाचे, नाहीतर विहिरीचे पाणी ओतत आलो. दख्खनच्या विहिरींचे पाणी जड. चहाच्या किटलीत जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. ग्लायकोल आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घेतले तर उघड्या भांड्यातसुद्धा ते सुमारे १०७ अंशांपर्यंत उकळत नाही, शिवाय त्यातल्या औषधांनी गंज धरत नाही.

आता वडिलांच्या हाताकडे येतो. डोंगरावर पाणी लवकर उकळते. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश, म्हणजे खंडाळ्याला अठ्ठ्याण्णवाच्या आसपास. ह्यावर उपाय म्हणून झाकणात स्प्रिंग घालून आतला दाब वाढवण्याची रीत दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरली. चौरस इंचाला सात पौंड दाब वाढवला की पाणी एकशे दहा अंशांनाही पाणीच राहते. पण झाकण उघडल्याबरोबर दाब जातो, आणि शंभरावरच्या त्या पाण्यातले काही एका क्षणात वाफ होऊन बाकीच्याला बाहेर फेकते. वडील मोटार शिकले ते त्यांच्या मामांच्या युद्धापूर्वीच्या ऑस्टिनवर. तिचे झाकण नुसतेच झाकण होते, तांब्यावर फुलपात्र ठेवावे तसे. पाणी उकळले की उघडायचे, थोडे थांबायचे, वरून भरायचे. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते, ते वीस-पंचवीस वर्षे जुने होते. झाकण दिसायला तेच होते, एवढाच घात.

तेव्हा जुनी गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी पाणी पाहायचे ते सकाळी, इंजिन गार असताना. झाकणावर जाड फडके घालावे, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून थांबावे, सुस्कारा संपला की मग काढावे. पाणी मानेच्या बोटभर खाली असले तर ठीक. त्यात गंजाचा तांबडा रंग दिसला तर सगळेच बदलावे. तेलाचा तवंग दिसला तर गाडी सुरूही न करता मिस्त्रीला बोलवावे, कारण हेडचे गॅस्केट गेलेले असण्याचा संभव मोठा. वाटेत तापली तर अर्धापाऊण तास सावलीत बसावे. तापल्या बिडाच्या इंजिनात गार पाणी ओतले तर तडा जातो.

मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. त्या टॅक्सीवाल्यांच्या डिकीत पाण्याची बाटली हमखास असे. आमची गाडी वडिलांच्या मागे माझ्याकडे आली. दर रविवारी त्यांच्याच जुन्या पंचाने झाकण धरून मी ते उघडतो. परवा पाणी दोन बोटे उतरलेले दिसले. खाली फरशीवर मात्र थेंब नव्हता. पंपाकडची नळी एकदा दाखवून आणली पाहिजे.