गवत की झाड? बांबूच्या एका व्याख्येची नव्वद वर्षे

१/ नागपूरच्या महालातील चितार ओळीत गणेशोत्सवाआधी मूर्तींचे सांगाडे उभे राहू लागतात. माती चढण्यापूर्वी त्यांत बांबूच्या कामट्या दिसतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. भारतीय कायद्याने मात्र त्याला ९० वर्षे ‘झाड’ मानले. पर्यावरणपूरक अर्थव्यवस्थेची वाट या एका शब्दाने कशी अडवली, ते या थ्रेडमध्ये पाहू.

२/ आरंभ महालातूनच करू. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने त्यांचे राज्य खालसा केले. राज्याबरोबर चांद्याकडची जंगलेही इंग्रजांच्या ताब्यात गेली. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड हवे होते. जंगलाकडे आता महसुलाच्या नजरेने पाहिले जाऊ लागले.

३/ १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगलावर सरकारी मालकीची मोहर उमटवली. गावकऱ्यांना सरपण, गवत, बांबू मिळे तो ‘निस्तार’ म्हणून. गावाच्या लेखी निस्तार हा हक्क होता, सरकारच्या लेखी ती सवलत होती. दिलेली सवलत केव्हाही काढून घेता येते. पुढचा सारा संघर्ष याच फरकातून उभा राहिला.

४/ मग आला १९२७ चा भारतीय वन अधिनियम. त्याच्या दुसऱ्या कलमातील ‘झाड’ या व्याख्येत ताड, वेत यांच्यासोबत बांबूही बसवला गेला. परिणामी स्वतःच्या बांधावर बांबू लावणारा शेतकरीही तोडणी-वाहतुकीच्या नियमांत अडकला. परवान्याच्या कटकटीपायी बांबू लावण्यातच अनेकांना रस उरला नाही.

५/ स्वातंत्र्यानंतर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. तेथे १९५० मध्ये मालगुजारी-जमीनदारी संपवणारा कायदा झाला. त्याच्या नावातच ‘महाल’ हा शब्द आहे. आपली वस्ती नव्हे, तर महसुली घटक या अर्थाने. सुधारणा न्याय्य होती. मात्र मालगुजारांची जंगले गावाकडे आली नाहीत, ती शासनाकडे गेली. मालक बदलला, गाव होते तेथेच राहिले.

६/ पुढे चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद गिरणीकडे जाऊ लागला. सुपे, टोपल्या, तट्ट्या विणणारा बुरूड मात्र वनखात्याकडून मिळेल तेवढ्या बांबूवर अवलंबून राहिला. उद्योगाला करार आणि कारागिराला सवलत, असे हे धोरण होते.

७/ वनखात्याची बाजूही समजून घ्यायला हवी. मोकळीक दिली तर बेसुमार तोड होईल, ही भीती निराधार नव्हती. परवाना नसेल तर चोरीचा माल ओळखायचा कसा, हा प्रश्नही खरा होता. परंतु या व्यवस्थेत जंगल राखण्यात गावाचा कोणताही आर्थिक हितसंबंध उरला नाही.

८/ २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला ‘गौण वनोपज’ म्हटले आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातील अगदी पहिल्या अशा गावांपैकी हे एक.

९/ तरीही बांबू गावाबाहेर नेता येईना! वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात होता आणि खाते १९२७ च्या व्याख्येवर बोट ठेवत होते. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. संसदेने दिलेला हक्क वापरता यावा म्हणून केंद्रीय मंत्र्याला एका गावी यावे लागले, यातच अडथळ्याचे स्वरूप उघड होते.

१०/ नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश काढून व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळण्यात आला. ही मोकळीक प्रामुख्याने वनाबाहेरच्या बांबूला मिळाली. जंगलातला बांबू वनोपजच राहिला. दरम्यान आपल्या देवघरांतील उदबत्तीच्या काड्या चीन आणि व्हिएतनाममधून येत होत्या. जून २०२० मध्ये त्यांवरील आयातशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के करावे लागले.

११/ हरित अर्थव्यवस्थेची चर्चा आज बहुधा भांडवल आणि तंत्रज्ञान यांभोवती फिरते. येथे मात्र जंगल होते, हात होते, कसब होते आणि बाजारही होता. अडले ते परवान्यावर सही कोणी करायची, या प्रश्नापाशी. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी कायदा वाचताना उद्देशिकेवर थांबू नये. व्याख्यांचे कलमही नीट वाचावे. चितार ओळीतली कामटी कोणाच्या हक्काची, हे तेथे ठरलेले असते.