पडद्यावरची आनंदी आणि वर्गातले प्रश्न

समीर विद्वांस यांचा 'आनंदी गोपाळ' हा चित्रपट २०१९ मध्ये आला. समजा, परभणीतल्या एखाद्या अध्यापक महाविद्यालयात तो दाखवला. दिवे लागल्यावर काय होईल? डोळे पुसले जातील, टाळ्या वाजतील आणि मंडळी चहाला जातील. माझे म्हणणे असे, की खरा तास तिथून सुरू व्हावा.

आनंदीबाई जोशी नवव्या वर्षी लग्न होऊन गोपाळरावांच्या घरी आल्या. पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या.

चित्रपट ही कहाणी नवरा-बायकोच्या नात्यातून सांगतो. कथेला ते शोभतेही. पण भावी शिक्षकाने विचारावे : यातली डॉक्टर आपल्याला किती दिसली? आनंदीबाईंचा पदवीचा प्रबंध हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर होता. जे दुःख सोसले, त्याच विषयाचा त्यांनी अभ्यास केला. ही विज्ञानाची गोष्ट आहे.

दुसरा प्रश्न : पडद्यावर कोण आलेच नाही? तेव्हा परभणी निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत, त्याच दशकात रूपाबाई फर्दूनजी ही पारशी तरुणी शिकत होती. तिथे क्लोरोफॉर्मवर मोठे प्रयोग चालले होते. रूपाबाई भूल देण्याच्या शास्त्रात पारंगत झाल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. आपल्याकडे किती शिक्षकांना हे नाव ठाऊक आहे?

दोन्ही चरित्रे शेजारी ठेवा. एकीच्या पाठीशी जिद्दी नवरा होता, दुसरीसाठी शाळेचे दार उघडे होते.

२०१४ च्या नियमांनी बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'लिंगभाव, शाळा आणि समाज' हा विषय आला. तो पाठ करून परीक्षेपुरता उरतो. चित्रपट मात्र शिक्षकाला आपल्याच वर्गाकडे पाहायला लावू शकतो. प्रयोगाच्या तासाला परीक्षानळी कोणाच्या हातात असते आणि नोंदवही कोणाच्या? अवघड गणितासाठी फळ्याजवळ आपण कोणाला बोलावतो?

गोपाळराव प्रत्येकीच्या नशिबी नसतात. शाळा मात्र प्रत्येकीच्या वाट्याला येऊ शकते. ते दार उघडे ठेवणे शिक्षकाच्या हाती आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)