अमळनेरचं वनस्पती तूप, पाच शेअर आणि आमचे बाबा

बाबा रिटायर झाले त्याला आता सतरा वर्षं झाली. तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटले, अव्वल कारकून म्हणून सुटले. तेव्हापासून त्यांचा दिवस ठरलेला आहे. इतका की आमच्या टीममधल्या कुठल्याही माणसाचं कॅलेंडर त्यापुढे फिकं पडावं. पहाटे पाचला उठणं, बोरी नदीच्या काठाने फेरी, सखाराम महाराजांच्या वाडीत दर्शन, येताना कोपऱ्यावर अर्धा कप चहा (घरी आल्यावर पुन्हा एक, तो आईला सांगायचा नाही). मग पेपर, अगदी निविदांच्या जाहिरातींसकट. दुपारी वामकुक्षी. संध्याकाळी स्टेशनाकडे, सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्या बघत चार मित्रांबरोबर बसायचं. कुठली गाडी किती लेट यावर चर्चा करायची. यांच्यापैकी कुणालाही कुठेही जायचं नसतं.

थंडीत यात भरताची भर पडते. कुणाच्या तरी शेतात हिरवी लांबोडकी वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजायची, बडगीत मिरच्या-लसूण घालून ठेचायची, वरून कांद्याची पात आणि तेल सढळ हाताने. सोबत कळण्याची भाकरी. पुण्यात आम्ही गॅसवर जे करतो त्याला बाबा "वांग्याची भाजी" म्हणतात. भरीत म्हणत नाहीत.

असो. सांगायचं होतं ते वेगळंच.

गेल्या दिवाळीत मी घरी होतो. भाऊबीजेला धुळ्याहून आत्या आली होती. धुळं-अमळनेर अंतर फार नाही, तास-सव्वा तासात एसटी आणून सोडते. जेवणं झाली, सुपारी कातरणं चालू होतं, आणि मी उगाच लॅपटॉप उघडून बसलो. बोलता बोलता विषय निघाला आजोबांच्या शेअर्सचा. अमळनेरात हा विषय कुठल्याही घरात कधीही निघू शकतो. का, ते कळायला जरा मागे जावं लागेल.

२९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी एक कंपनी नोंदवली: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. प्रेमजी तांदळाचे मोठे व्यापारी, पण कारखाना काढला तो अमळनेरला आणि तोही वनस्पती तुपाचा. तूप व्हायचं ते मुख्यतः शेंगदाण्याच्या तेलाचं, आणि भुईमुगाला आपल्या खान्देशात तोटा नव्हता. तापी खोऱ्यातून सुरतेला जाणारी रेल्वे गावातून जात होतीच. तुपाचं नाव सनफ्लॉवर. तेलापासून जे उरायचं त्याचा कपडे धुण्याचा साबण व्हायचा, त्याचं नाव ७८७. आई सांगते की तिच्या सासूबाई साबणाच्या वडीला "सातशे सत्त्याऐंशी" असं पूर्ण म्हणायच्या, जणू तो घरातला कुणी माणूस आहे.

गावात तेव्हा कारखाना म्हणजे काय हे नवीन नव्हतं. प्रताप मिल होती. मिलचे मालक प्रताप शेठ हे अजबच प्रकरण. एका हाताने सूत काढायचं आणि दुसऱ्या हाताने तत्त्वज्ञान! १९१६ साली त्यांनी गावात तत्त्वज्ञान मंदिर काढलं. माणसांनी इथे राहून वेदान्ताचा अभ्यास करावा म्हणून. कापसाच्या गावात, तेव्हाच्या पूर्व खान्देश जिल्ह्यात. तिथेच शिकायला पांडुरंग सदाशिव साने नावाचा कोकणातला एक तरुण आला आणि १९२४ ते १९३० गावच्या शाळेत मास्तर झाला. वसतिगृहातल्या मुलांसाठी तो हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचा. रोज! (आम्हाला आठवड्याला एक लेख लिहायचा म्हणजे घाम फुटतो.) प्रताप कॉलेज निघालं ते १९४५ साली, म्हणजे तुपाच्या कंपनीच्याच वर्षी. आणि अझीम प्रेमजींचा जन्मही त्याच वर्षातला.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. १९६६ साली हाशम प्रेमजी गेले. एकवीस वर्षांचा मुलगा स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून आला आणि तूप-साबणाच्या कंपनीचा प्रमुख झाला. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने उठून, तुमच्याच्याने हे जमायचं नाही, शेअर विकून मोकळे व्हा, असं सुनावलं म्हणतात. १९७७ मध्ये नाव बदलून विप्रो प्रॉडक्ट्स झालं. त्याच सुमारास आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळायला घेतला, मोकळ्या झालेल्या जागेत ही कंपनी कॉम्प्युटर करायला घुसली, आणि नंतर सॉफ्टवेअर. मी ज्या धंद्यात पोट भरतो त्याच्या एका टोकाला अमळनेरची तेलाची कढई आहे हे मला इंजिनियर होईपर्यंत नीट उमजलं नव्हतं. आमच्यासाठी तो फक्त भोंगा होता.

कंपनी पब्लिक लिमिटेड. त्यामुळे गावातल्या किराणावाल्यांपासून मास्तरांपर्यंत बऱ्याच जणांकडे शेअर होते. कुणी हौसेने घेतलेले, कुणी आग्रहाखातर. शंभर रुपयांचा एक शेअर. आजोबांकडे पाच होते. ते शेंगदाण्याच्या अडतीवर दिवाणजी होते. शेअर ट्रंकेत, जमिनीच्या उताऱ्यांखाली.

आता माझ्या एक्सेलकडे या. १९८० साली पाच शेअर धरा. १९८१ ला एकास एक बोनस, दहा झाले. १९८५ ला वीस. १९८६ ला शंभराच्या शेअरचे दहा-दहाचे तुकडे केले, दोनशे. १९८७, ८९, ९२, ९५ असे चारदा दुप्पट: ३,२००. १९९७ ला एकावर दोन: ९,६००. १९९९ ला दहाचे दोन-दोनचे तुकडे: ४८,०००. २००४, २००५, २०१० चे बोनस धरून ४,८०,०००. मग २०१७ ला दुप्पट, २०१९ ला तिनास एक, २०२४ ला पुन्हा दुप्पट. एकूण २५,६०,०००. पंचवीस लाख साठ हजार शेअर, लाभांश वेगळाच! भाव पेपरात बघा आणि गुणाकार तुम्हीच करा, माझा करून झालाय.

ज्यांनी ठेवले ते कोट्यधीश झाले. त्यांच्यावर पेपरांत लिहून आलं, टीव्हीवाले येऊन गेले, अमळनेर म्हणजे कोट्यधीशांचं गाव अशी ख्याती झाली. बाबांच्या स्टेशनवरच्या कट्ट्यावर असा एक जण आहे म्हणतात. कोण ते बाबा सांगत नाहीत. चहाचे पैसे काढायला सगळे सारखाच वेळ लावतात.

तर मी मोठ्या ऐटीत सेलमधला आकडा सगळ्यांना दाखवला. "बाबा, हे बघा. एवढे असते आपले आज. विकले कशाला आजोबांनी?"

बाबा म्हणाले, "त्यांनी नाही, मी विकले. चौऱ्याऐंशी साली. तात्या त्याच्या आदल्या वर्षी गेले होते." आणि सुपारीचं डबडं बंद केलं.

मला तेवढ्यावर गप्प बसायचं होतं. नाही बसलो. "पण कशासाठी?"

आत्याच बोलली. "चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात माझं लग्न झालं." मग बाबांकडे बघून, "भाऊ, तू तर म्हणाला होतास सोसायटीतनं कर्ज काढलं."

बेचाळीस वर्षांची होत आलेली थाप माझ्या स्प्रेडशीटने एका मिनिटात उघडी पाडली. आत्या उठून आत गेली. भांडी घासायला बाई येते, तरी तिने घासायला घेतली. आईने माझ्याकडे असं बघितलं की लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी मला उठवलं. "चल फेरीला." पस्तीस मिनिटं आम्ही चालत होतो, बाबा वाटेत फक्त झाडं आणि घरं दाखवत होते. हे ज्या घरात राहतात त्यांनी शेअरच्या पैशात विहीर खोदली होती, ७२ च्या दुष्काळात. त्या समोरच्यांच्या मुलाचं मेडिकल. त्या मागच्यांनी नुसते उडवले, लॉटरीत. "सगळ्यांनी कधी ना कधी विकले. पेपरात न विकणाऱ्यांची नावं येतात," एवढं एकच वाक्य ते त्या विषयावर बोलले. मग नदीपाशी येऊन थांबले. पात्रात पाणी कमीच होतं. वैशाखात इथे सखाराम महाराजांची यात्रा भरते, नदीच्या पात्रातच. लहानपणी मी तिथे हरवलो होतो आणि पोलिसाच्या खांद्यावर बसून जिलबी खात सापडलो होतो, हे त्यांनी मला बहुधा शंभराव्यांदा सांगितलं.

मला उगाच वाटत होतं की बाबांना हळहळ असणार, ते दाखवत नाहीत. मी जरा खोदून बघितलं. "कधी मनात येत नाही?"

"येतं ना," म्हणाले. "दोन हजार साली फार यायचं. भाव रोज पेपरात. तेव्हा मी दोन महिने तेवढं पान वाचत नव्हतो." अव्वल कारकुनाचा पगार आणि आमच्या दोघा भावंडांच्या इंजिनियरिंगच्या फिया एकाच वेळी चालू होत्या तेव्हाची ही गोष्ट. त्या काळात बाबा जिना चढताना पायऱ्या मोजायचे हे मला आठवतं. तेव्हा वाटायचं, गंमत म्हणून मोजतात.

मग एकदम विषय बदलून ते साहित्य संमेलनाचं सांगायला लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावं संमेलन अमळनेरला झालं, प्रताप कॉलेजात. याआधीचं गावातलं संमेलन १९५२ चं. त्याला तात्या गेले होते, बाबा तेव्हा दोन वर्षांचे, कडेवर. म्हणून या वेळी तीनही दिवस हे मंडपात. त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही होतं, तिकडेही जाऊन आले. दोन्हीकडची पुस्तकं आणली आणि दोन्हीकडच्या जेवणाची तुलना आईला ऐकवली. गेल्या दहा वर्षांतले सगळ्यात चांगले तीन दिवस कुठले म्हणून विचारलं तर हेच सांगतील, माझं घर झाल्याची वास्तुशांत दुसऱ्या नंबरावर.

आत्या त्या दुपारी परत जायची होती. स्टँडवर सोडायला मीच गेलो. वाटेत माफी मागितली. ती हसली नाही, रागावलीही नाही. एसटी लागलेली होती, खिडकीची जागा मिळाली. मग खिडकीतून वाकून म्हणाली, "हे बघ, त्या मे महिन्यात झालं नसतं ना, तर तुझ्या काकांचं शिरपूरच्या मुलीशी ठरत होतं. त्यांच्या घरचे थांबायला तयार नव्हते."

काकांना जाऊन चार वर्षं झाली.

"भाऊला सांगू नको मी रडले म्हणून," म्हणाली. "आणि ते किती शून्यं होती रे? वाचताच आली नाहीत मला."

मी सांगायला लागलो तेवढ्यात कंडक्टरने डबल बेल दिली.