ललिता बाबर : दुष्काळी माणदेशातून ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत

सातारा, खास प्रतिनिधी : सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात पाऊस धो धो कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. माण, खटाव, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि सोलापुरातील सांगोला या पर्जन्यछायेतील पट्ट्याला माणदेश म्हणतात. याच माणदेशातील मोही या गावी 2 जून 1989 रोजी एका शेतकरी कुटुंबात ललिता बाबर यांचा जन्म झाला. पुढे 'माणदेशी एक्स्प्रेस' म्हणून ओळखल्या गेलेल्या या धावपटूने ज्या प्रकारात नाव कमावले, त्या प्रकारात प्रत्येक फेरीला पाण्याने भरलेला खड्डा ओलांडावा लागतो, हा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल.

मॅरेथॉनपासून सुरुवात

ललिता यांची पहिली ओळख लांब पल्ल्याची धावपटू अशीच होती. कनिष्ठ गटातील राष्ट्रीय स्पर्धेतील यशानंतर त्यांनी रस्त्यावरील शर्यतींत जम बसवला. मुंबई मॅरेथॉनमध्ये 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षे भारतीय महिलांमध्ये त्या पहिल्या आल्या. याच काळात, 2012-13 च्या दुष्काळात, माण तालुक्यात जनावरे जगवण्यासाठी चारा छावण्या उभ्या राहिल्या होत्या. खेळाच्या बळावर रेल्वेत मिळालेली नोकरी हा अशा घरातील खेळाडूसाठी मोठाच आधार होता.

मात्र आंतरराष्ट्रीय पदकाचे ध्येय ठेवून ललिता यांनी 3000 मीटर स्टीपलचेस या शर्यतीची वाट धरली. बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. हातात आलेले मॅरेथॉनचे यश बाजूला ठेवून नवा प्रकार शिकणे, हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी निर्णय ठरला.

शर्यत आणि तिचे तंत्र

स्टीपलचेसमध्ये 28 साधे आणि पाण्याचे 7 असे एकूण 35 अडथळे पार करावे लागतात. महिलांसाठी अडथळ्याची उंची 76.2 सेंटिमीटर असते. हर्डल्सप्रमाणे हे अडथळे धक्का लागताच पडत नाहीत. ते भक्कम असतात आणि चूक झाली तर पडतो तो धावपटूच. पाण्याच्या अडथळ्यापुढील खड्डा अडथळ्याजवळ खोल असून पुढे उथळ होत जातो. त्यामुळे जो लांब उडी घेतो, त्याचा पाय कमी पाण्यात पडतो. थकलेल्या पायांनी शेवटच्या फेरीत ही उडी साधणे हीच खरी कसोटी. महिलांसाठी हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये 2008 साली, बीजिंग येथे प्रथमच समाविष्ट झाला.

दोन वर्षांतील झेप

इंचिऑन येथील 2014 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ललिता यांनी 9 मिनिटे 35.37 सेकंदांत कांस्यपदक पटकावले आणि सुधा सिंग यांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. 2015 मध्ये वुहान येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे सुवर्णपदक त्यांनी 9:34.13 या वेळेसह मिळवले. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत 9:27.86 अशी वेळ देत त्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि आठव्या आल्या. एप्रिल 2016 मध्ये दिल्लीत त्यांनी हा विक्रम 9:27.09 वर आणला.

कळस गाठला तो रिओत. 13 ऑगस्ट 2016 रोजी प्राथमिक फेरीत ललिता यांनी 9:19.76 हा नवा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. शर्यतीत त्या चौथ्या आल्या, तरी वेळेच्या आधारे त्यांनी अंतिम फेरी गाठली. 1984 मध्ये लॉस एंजलिस येथे पी. टी. उषा 400 मीटर हर्डल्सच्या अंतिम फेरीत धावल्या होत्या. त्यानंतर तब्बल 32 वर्षांनी एखादी भारतीय महिला ऑलिम्पिकमधील वैयक्तिक ट्रॅक प्रकाराच्या अंतिम फेरीत उतरली. 15 ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी झालेल्या या अंतिम शर्यतीत त्या 9:22.74 वेळेसह दहाव्या आल्या. पदक हुकले, पण दोन वर्षांच्या आत राष्ट्रीय विक्रम 15 सेकंदांहून अधिक सुधारला गेला होता. त्याच वर्षी त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

ट्रॅकनंतर

रिओची अंतिम फेरी हीच ललिता यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च स्पर्धा ठरली. पुढे राज्य शासनाने त्यांना महसूल विभागात थेट नियुक्ती दिली आणि रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे त्यांनी तहसीलदार म्हणून काम पाहिले. टंचाईच्या काळात गावाला पाणी कधी मिळेल, हा प्रश्न घेऊन माणदेशातील माणसे ज्या कार्यालयाच्या पायऱ्या चढतात, तशाच कार्यालयाची सूत्रे मोहीच्या या कन्येकडे आली.

रिओतील राष्ट्रीय विक्रम सात वर्षे अबाधित राहिला. ऑगस्ट 2023 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरी यांनी 9:15.31 वेळ देऊन तो मोडला. पुरुषांच्या याच प्रकारात बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांनी 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. तेही दुष्काळी भागातलेच. विक्रम मोडण्यासाठीच असतात. परंतु भारतीय महिला स्टीपलचेसमध्ये जगातील पहिल्या दहांत येऊ शकते, हा विश्वास प्रथम दिला तो माणदेशाच्या या लेकीने.